कोंडा म्हशीला, मैदा आपल्याला

लग्नसराई सरत आली की आमच्या भागात जनावरांच्या डॉक्टरांच्या मोटारसायकलला उसंत नसते. मांडव उतरतो, पाहुणे वाटेला लागतात, आणि पातेल्यात उरलेला भात अन् बुंदी टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून कोणीतरी ते पाटीभर गव्हाणीत रिते करतो. गाय बिचारी चवीने खाते. दुसऱ्या दिवशी रवंथ बंद, पोट तटतटलेले, शेण पाण्यासारखे, आणि गाय मान टाकून बसलेली. वेळेत सोडा पाजला, सलाईन लावले तर वाचते. नाही तर मालक कपाळाला हात लावतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या दावणीला हेच झाले. डॉक्टर हात धुता धुता जे म्हणाले ते तुम्हीही ऐकून ठेवा. "अहो, तुम्हाला वाटतं तुम्ही गाय पाळता. तुम्ही पाळता तिच्या कोठीपोटातले जिवाणू, आणि ते जिवाणू गाय पाळतात. त्यांना लागतो कडबा. तुम्ही घातला भात. भातावर भलतेच जिवाणू माजले, आंबट पाणी झालं, सामू घसरला, कडबा पचवणारे मेले. नुसतं औषध देऊन काय होतंय? तिच्या पोटातलं गाव पुन्हा वसवायला पाहिजे."

ऐकायला दहा-बारा जण उभे होते. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि समोर आलेला चहा घेतला, खारी बुडवून. मीही त्यातच होतो.

वाचकहो, ही गोष्ट त्या खारीची आहे.

आपलेही एक कोठीपोट

माणूस रवंथ करीत नाही हे खरे. भाकरी, भात, तेल, साखर यांतले पचण्याजोगे असते ते जठर आणि लहान आतडे पचवून घेते. पण ज्वारीचा कोंडा, हरभऱ्याचे टरफल, भाजीतला चोथा यांतल्या बऱ्याच भागावर आपला कोणताच पाचकरस चालत नाही. तो तसाच पुढे सरकत मोठ्या आतड्यात जातो. पूर्वी समजूत अशी की चोथ्याचा उपयोग एवढाच, सकाळी पोट साफ होते. पण खरे काम तिथेच सुरू होते, कारण मोठ्या आतड्यात त्याची वाट पाहत एक अख्खी वस्ती बसलेली असते.

ही वस्ती केवढी? इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१६ साली अंदाज काढला, तो एका माणसामागे सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असा आहे. सगळ्यांचे मिळून वजन भरते पावशेराच्या आतबाहेर. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम चोळणाऱ्या शेतकऱ्याला जिवाणू म्हणजे रोगच असे सांगायची गरज नाही आणि तसे सांगून तो ऐकणारही नाही. जमिनीत सेंद्रिय कर्ब नसेल तर जिवाणूखताची बाटली ओतून उपयोग होत नाही, हेही त्याला ठाऊक आहे. आतड्यातही हिशेब तोच. तिथला सेंद्रिय कर्ब म्हणजे हा चोथा.

चोथा आंबवून हे जिवाणू तीन आम्ले तयार करतात, ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. गाईच्या कोठीपोटातही हीच तीन तयार होतात. गाय आपल्या ताकदीपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास यांच्यावरच काढते, आपण फार तर पाच-दहा टक्के. म्हणून कोणी म्हणेल, मग आपल्याला त्याचे काय एवढे? तर ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न आहे. ते अस्तर भाकरीवर जगत नाही, भाकरीतल्या कोंड्यावर जिवाणूंनी जे शिजवले त्यावर जगते. शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशींना उगाच भडकू न देण्याचे कामही हे आम्ल करते.

आता चोथा येणेच बंद झाले तर? या अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो. शेताच्या बांधासारखा तो, अलीकडे आपण आणि पलीकडे जिवाणू. वैरण मिळाली नाही की जनावर दावे तोडून बांध चरायला लागते, तसेच इथे होते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ आणि लक्झेंबर्गमधील शास्त्रज्ञांनी २०१६ साली उंदरांवर हे दाखवून दिले. माणसाच्या आतड्यातले चौदा जातींचे जिवाणू त्यांनी उंदरांच्या पोटात वसवले आणि खाद्यातला चोथा काढून टाकला. उपाशी जिवाणूंनी तो बुळबुळीत थरच खायला घेतला. थर पातळ झाला, आणि नंतर रोगजंतू सोडले तेव्हा हे उंदीर फार लवकर गळाठले. "भुकेला कोंडा, निजेला धोंडा" म्हणतात. इथे भुकेला कोंडाही मिळाला नाही.

बांध झिजला की जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपू लागतात. शरीर त्यांना चोर समजते आणि पहारेकरी जागे होतात.

गंजीतली आग

पायात काटा मोडला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. याला दाह म्हणतात आणि तो चांगला असतो. शेकोटीसारखे त्याचे काम, पेटतो आणि विझतो. पण कडब्याची गंज ओली रचली तर आतल्या आत धुमसते, बाहेरून दिसत नाही, हात लावला तर नुसती ऊब लागते. शरीरातला दुसऱ्या प्रकारचा दाह असा असतो. ताप नाही, ठणका नाही. वर्षानुवर्षे धुमसत राहतो.

हा धुमसता दाह इन्सुलिनच्या कामात खोडा घालतो. १९९३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीतून दाहाचा एक पदार्थ पाझरतो आणि तो अडवला की इन्सुलिन पुन्हा नीट काम करते, हे दाखवले. तोवर चरबी म्हणजे नुसती साठवण, असे मानत. हृदयविकाराचेही तेच. २०१७ साली दहा हजारांवर हृदयरोग्यांवर एका औषधाची चाचणी झाली. ते औषध कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, फक्त दाह उतरवते. तरी झटक्यांचे प्रमाण घटले. ते औषध भारी महाग आहे आणि त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे त्याची चौकशी करू नका. मुद्दा एवढाच की दाह हे नुसते लक्षण नाही, रोगाच्या कारणांपैकी एक आहे.

इथे एक कबुली देऊन ठेवतो. आतड्याचा बांध झिजणे आणि त्यातून दाह, दाहातून मधुमेह ही साखळी उंदरांत कडीला कडी जोडून दिसली आहे. माणसांत काही कड्या पक्क्या आहेत, काही अजून जोडल्या जात आहेत. आणि मधुमेहाला अनुवंश, पोटावरची चरबी, बसून राहणे, झोपेची आबाळ ही बाकीची कारणेही आहेतच. सगळा दोष खारीवर टाकून मोकळे होता येणार नाही.

"पण आम्ही तर काटकुळे, आमच्याकडे कुठली चरबी?" हा प्रश्न गावात हमखास येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता. उंची-वजनाचे गणित दोघांचेही अगदी सारखे, २२.३. पण शरीरातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि डॉक्टरांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळे जन्मतःच वजनाने कमी, पण चरबी मात्र राखून असतात, असे त्यात दिसले. तेव्हा काटकुळेपणाचा दाखला इथे चालत नाही.

देशात किती जणांना मधुमेह आहे? आयसीएमआरच्या पाहणीचा आकडा २०२३ साली जाहीर झाला, १० कोटी १० लाख. शहरात शंभरात सोळा, खेड्यात शंभरात नऊ. शहराच्या मानाने आपण बरे, असे म्हणून कोणी सुस्कारा सोडील. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत शहर आणि खेडे यांत फरकच नाही, दोन्हीकडे शंभरात पंधरा. म्हणजे खेडे रांगेत उभे आहे.

पंधरा दिवसांची अदलाबदल

आता एक प्रयोग सांगतो. मला स्वतःला हा सगळ्यात पटला. पिट्सबर्ग हे अमेरिकेतले शहर. तिथल्या कृष्णवर्णीयांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर फार. दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यांत, त्याच वंशाच्या लोकांत, तो अगदी विरळा. रक्त एक, मग फरक कशाने? संशोधकांनी दोन्हीकडची वीस-वीस माणसे घेतली आणि दोन आठवडे ताटांची अदलाबदल केली. अमेरिकनांना मक्याची घाटी, घेवड्याच्या जातीची कडधान्ये, फळे आणि भाज्या. खेडुतांना हॅम्बर्गर, सॉसेज, बटाट्याचे तळलेले काप. अमेरिकन दिवसाला १४ ग्रॅम चोथा खात होते, त्यांचा ५५ झाला. खेडूत ६६ ग्रॅम खात होते, त्यांचा १२ वर आला. आधी आणि नंतर दुर्बीण घालून आतडी तपासली.

दोन आठवडे म्हणजे काय हो! आपल्याकडे गव्हाला पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये जेवढे दिवस जातात तेवढेच. तेवढ्यात अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरिक आम्ल अडीच पट झाले आणि अस्तराचा दाह उतरला. खेडुतांचे आम्ल निम्म्यावर आले आणि दाह चढला. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले. चोथ्याबरोबर मांस आणि चरबीचे प्रमाणही बदलले होते, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या चोथ्याला देता येणार नाही. दोन आठवड्यांत कोणाला कॅन्सर होत नाही आणि बराही होत नाही. पण आतड्यातले वारे किती लवकर फिरते ते कळले.

मग मी पेन्सिल घेऊन आमच्याच घरचा हिशेब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे कोष्टक हाताशी होते. शंभर ग्रॅममध्ये चोथा किती, तर पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमही नाही. मैद्यात तेवढाच. ज्वारीत दहा, बाजरीत साडेअकरा, मटकीत पंधरा, आणि अख्ख्या हरभऱ्यात पंचवीस. आमचे आजोबा दिवसाला ज्वारीच्या मोठ्या तीन भाकरी खात, म्हणजे पाव किलोवर पीठ. तिथेच पंचवीस-तीस ग्रॅम झाले. वर मटकीची उसळ किंवा हुलग्याचे माडगे, अंबाडीची नाही तर तांदुळजाची भाजी, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. चाळीशी सहज गाठत. माझा दिवस असा: सकाळी चहा-खारी, दहा वाजता स्टँडवर वडापाव, दुपारी भात-आमटी, चारला चहा-बिस्किट, रात्री दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी. कसाबसा पंधरा. म्हणजे तिकीट न काढता मी पिट्सबर्गला पोचलो होतो.

गव्हावर मात्र राग धरू नका. अख्ख्या गव्हाच्या पिठात चोथा अकरा ग्रॅम आहे, ज्वारीपेक्षा काकणभर जास्तच. ज्वारीची भाकरी आमच्या सोलापूरकडची असल्याने मला जवळची, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मीही पेढे खाल्ले. पण आकडा तो आकडा. गडबड गव्हात नाही, बारीक चाळणीत आहे. चपाती मऊसूत व्हावी म्हणून पीठ चाळायचे, निघालेला कोंडा म्हशीच्या आंबोणात घालायचा, आणि म्हैस तकतकीत दिसते म्हणून कौतुक करायचे! कोंड्याचा मांडा करून खाणारी पिढी गेली, आता मांडा आपण खातो आणि कोंडा जनावराला घालतो.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या आतड्यांतले जिवाणू तपासून २०१६ साली सांगितले की आपल्यात प्रीव्होटेला नावाची जात इतर देशांतल्या लोकांपेक्षा जास्त आढळते. धान्य-भाजीपाला खाणाऱ्यांत ही जात जगभर दिसते. पिढ्यान् पिढ्यांच्या भाकरी-कडधान्यावर आपल्या पोटात ही वस्ती बसली आहे. आता तिच्यापुढे आपण वडापाव टाकतो.

दादाचा पाय

माझा थोरला चुलतभाऊ बावन्न वर्षांचा. अंगाने काडी, बारा महिने रानात. आरोग्य तपासणीत शुगर निघाली, तेव्हा तो हसलाच. गोळ्या सुरू झाल्या. वर्षभराने बाजारच्या दिवशी एका गाडीवर पत्रके वाटणारा भेटला. म्हणाला, पोटातले जंतू सुधारले की मधुमेह मुळासकट जातो, ही पावडर घ्या, गोळ्या बंद करा. तीन हजार रुपये मोजले. यातली अर्धी गोष्ट मी वर तुम्हाला सांगितली तीच आहे, म्हणून तर ती खपते.

दादाने गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी बांधावर बाभळीचा काटा पायात गेला. तो त्याला कळलाच नाही, कारण साखरेने पायाची जाण गेली होती. आठवड्याने वास यायला लागला तेव्हा वहिनींनी पाय उचलून पाहिला. दोन बोटे काढावी लागली. "काटा टोचल्याचं कळलं असतं तर बरं झालं असतं," एवढेच तो बोलतो. ती गाडी पुन्हा बाजारात दिसली नाही.

गोळी चालू ठेवून आहार सुधारणे वेगळे आणि आहाराच्या नावाखाली गोळी सोडणे वेगळे. चीनमध्ये मधुमेहाच्या ४३ रोग्यांवर एक प्रयोग झाला, तो २०१८ साली छापून आला. औषध सगळ्यांना तेच. एका गटाला नेहमीचा पथ्याचा आहार, दुसऱ्याला अख्खी धान्ये आणि भरपूर चोथा. चौऱ्याऐंशी दिवसांनी पहिल्या गटातल्या निम्म्या लोकांची तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आली होती, दुसऱ्यातल्या शंभरात एकोणनव्वद जणांची. ज्या जिवाणूंना चोथा मिळाला ते वाढले, त्यांनी आम्ले केली, आणि उपद्रवी जाती मागे हटल्या. रोगी थोडे होते, प्रयोग छोटा होता. पण न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१९ साली जगभरचे १८५ अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही सूर तोच लागला. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांत मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर यांचे प्रमाण फार कमी चोथा खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी होते.

घरात काय करावे हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पीठ चाळू नये, किंवा जाड चाळणी वापरावी. आठवड्यातले चार दिवस तरी मटकी, हुलगा, हरभरा, चवळी अख्खी खावी, डाळ करून नव्हे. भिजवून मोड आणले तर वाताचा त्रास कमी. एकदम ताट बदलू नका, पोट गुबारते. गाईचासुद्धा चारा आपण हळूहळूच बदलतो की! पाणी जास्त प्या. शिळ्या भाकरीला नाव ठेवू नका, शिजलेले पीठ थंड झाले की त्यातला काही भाग पचायला जड होतो आणि जिवाणूंच्या वाट्याला जातो. मात्र भाकरी आंबलेली, बुरशी आलेली नको. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कडधान्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

ताकाचे काय? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ साली ३६ निरोगी माणसांवर दहा आठवडे प्रयोग केला. ज्यांनी रोज दही आणि इतर आंबवलेले पदार्थ खाल्ले त्यांच्या आतड्यात जिवाणूंच्या जाती वाढल्या आणि दाहाशी संबंधित एकोणीस प्रथिने रक्तात कमी झाली. गंमत अशी की त्याच प्रयोगात नुसता चोथा वाढवलेल्या गटात जाती वाढल्या नाहीत, काहींच्या पोटातली वस्तीच इतकी विरळ झाली असावी की वैरण आली तरी खायला कोणी नाही. आपल्या आंबिलीवर असा प्रयोग झालेला मला माहीत नाही. पण ज्वारीचे पीठ रात्रभर ताकात आंबवून सकाळी शिजवणाऱ्या आजीला वैरण आणि जनावर दोन्ही एका वाटीत देता येत होते, हे मला आता कळते. मीठ बेताने घाला.

आणि साध्या सर्दी-पडशाला "डॉक्टर, स्ट्राँग गोळी द्या" म्हणणे सोडा. प्रतिजैविकाची गोळी रोगजंतूबरोबर या वस्तीवरूनही नांगर फिरवते. गरज असेल तेव्हा घ्यायची, आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे.

वहिनींनी चाळणी खुंटीला लावून ठेवली आहे. दादा गोळ्या घेतो, रानात जाताना बूट घालतो आणि दुपारी भाकरीबरोबर वाटीभर मोड आलेली मटकी खातो. त्याची साखर पूर्वीपेक्षा बरी आहे, गेलेली नाही.

तुमचे वय तीस ओलांडले असेल तर गावच्या उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात, बोटातून रक्ताचा एक थेंब घेतात. वार कोणता ते आशाताईंना विचारा. पायाला मुंग्या येत असतील किंवा पायाची जाण कमी झाली असेल तर तेही त्यांना सांगा, आणि पाय उघडा करून दाखवा.